मेश्रामकाकांचं व्हर्जन

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक साखरपुडा होता. जुन्या पॉप गाण्यावर नवरा-नवरी स्टेजकडे चालत येणार, वरून कागदी फुलं पडणार, असा बेत होता. गाणं सुरू झालं, जोडी अर्ध्या वाटेवर आली, आणि पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ उठून थेट डीजेवाल्यापाशी गेले. ते त्याच्या कानात काहीतरी बोलले. डीजेवाला गडबडला आणि त्या गडबडीत त्याच्या हातून गाणंच बंद पडलं. मग पुढचं सगळ्या मांडवानं ऐकलं.

"हे ते नव्हे गा. हे कॅसेटीच्या भाग पाचवरचं आहे, याच्यात तिसरं कडवं कापलं आहे. पोट्टी स्टेजवर पोहचाच्या आधीच हे संपते. भाग दोनवरचं लाव, आरामात पोहचते."

भाग दोनवरचं डीजेवाल्याकडे नव्हतं. त्यानं होतं तेच पुन्हा लावलं, आणि गाणं खरोखरच आधी संपलं. शेवटची दहा पावलं नवरी आचाऱ्याच्या झाऱ्याच्या आवाजावर चालली.

ते गृहस्थ म्हणजे मेश्रामकाका. त्यांची आणि आमची भिंत एक. वीज ऑफिसात मीटरच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, घरात एकटेच. लग्नाचं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचे, जणू एखादी वस्तू बाजारातून आणायची राहिली. समोरच्या खोलीत लोखंडी कपाटं तीन, आणि तिन्हींत कॅसेटी. कपडे खिळ्याला.

कॅसेटी सगळ्या एकाच जातीच्या. आपल्या लहानपणी 'हिट पॉप' वगैरे नावांनी निवडक गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या, निरनिराळ्या गायकांची दहा-बारा गाणी एकत्र करून, त्या. आता त्याच गाण्यांना 'रेट्रो' म्हणतात. आपल्याला वाटतं गाणं एकच असतं. काकांच्या मते तसं कधीच नसतं. एका कॅसेटीत बसावं म्हणून कडवं कापलेलं असतं, दुसरीत सुरुवातीचं गिटार उडवलेलं असतं, तिसरीत गाणंच पुन्हा रेकॉर्ड केलेलं असतं आणि वर नाव मात्र तेच. काका याला 'व्हर्जन' म्हणत, आणि हा शब्द ते फार जपून उच्चारत, आपण डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराचं नाव उच्चारतो तसा.

त्यांचे कान या कामातून कधी सुटीवर जात नसत. सकाळची कचरागाडी गाणं वाजवत येते. एक दिवस काका डबा हातात धरून ड्रायव्हरला विचारत होते, "काहून गा, कालपासून दुसरी ओळ कुठं गेली?" ड्रायव्हर म्हणाला, "काका, मले काय मालूम, मी तर गाडी चालवून राहिलो." काकांनी कचरा टाकला, पण चेहरा असा की फसवणूक झाली.

मी शाळेत गणित शिकवतो. मला ते 'मास्तर' म्हणत. माझ्या मोबाइलमध्ये सेकंदाचे भाग मोजणारं घड्याळ आहे हे त्यांना कळलं, आणि माझे रविवार गेले.

दर रविवारी दुपारी इतवारीत बैठक असे. नेमासेठ यांचं तिथं पितळी भांड्यांचं दुकान. दुकानाला सुटी, आणि वरच्या माळ्यावर घागरी, पराती, समया यांच्या गर्दीत आम्ही चौघं: नेमासेठ, बँकेतून निवृत्त झालेले पाठक, मेश्रामकाका आणि माझं घड्याळ. टेप लावला की खालच्या सुरांना एक ठरावीक घागर घुमायला लागायची. तिच्यावर हात ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

वाद मोठे गंभीर. एक गाणं शेवटी हळूहळू विरत जातं, ते नऊ सेकंदांत की अकरा, यावर पाठक आणि काका दोन महिने बोलत नव्हते. म्हणजे बैठकीला दोघंही यायचे, पण नेमासेठमार्फत बोलायचे. नेमासेठ हिंदीतून निरोप पोहोचवायचे, "साहब कह रहे हैं नौ." शेवटी मी मोजून दहा सांगितले. मग दोघं माझ्याशी बोलेनात.

एका बाबतीत मात्र वाद नव्हता. 'झकास पॉप, भाग दोन' या कॅसेटीच्या काकांकडे अकरा प्रती होत्या आणि त्यांना बारावी हवी होती. तिच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. पहिल्यांदा कॅसेट निघाली तेव्हा त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मुख्य गायिकेच्या मागून आणखी एका मुलीचा आवाज होता. पुढे कंपनीनं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं, आणि त्यात ती मुलगी बदलली. कव्हर तेच, नंबर तोच. ओळखायची खूण एकच, पहिल्या कॅसेटीवरचा कागद हिरवा होता, नंतरच्यांचा निळा. काकांच्या अकराही निळ्या.

"तो आवाज इतका चांगला होता का, काका?" मी एकदा विचारलं.

"चांगला कायले पाहिजे," ते म्हणाले. "होता. मग नव्हता. एवढंच."

वीस-एक वर्षं ते शोधत होते. दुसऱ्या गावांतल्या दुकानदारांना त्यांनी पत्रं लिहिली होती. कुणी निळीचा फोटो पाठवला की ते फोन माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "पाहा मास्तर, उजेडात हिरवी दिसते का?" मी पाहायचो. निळीच असायची. ते मान हलवत, फोन खिशात ठेवून देत, आणि जरा वेळानं काढून तोच फोटो परत पाहत. माझ्या बायकोच्या हे आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "हा छंद नाही हो. ते कुणाची तरी वाट पाहतात."

मागच्या हिवाळ्यात महाल भागातलं एक जुनं रेकॉर्डिंगचं दुकान बंद झालं आणि नेमासेठनी तिथल्या कॅसेटींचं एक पोतं उचलून आणलं. रविवारी आम्ही चौघं पोतं उपसत बसलो. हिरवी माझ्या हाताला लागली. मला कळलंही नव्हतं, मी ती पाठकांच्या ढिगात टाकणार होतो. काकांनी माझं मनगट धरलं.

टेपात ती त्यांनी स्वतः लावली. तिसरं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला मुख्य गायिकेची ओळ संपली की मागून एक कोवळा, जरा घाईतला आवाज तीच ओळ परत म्हणायचा. चार ओळी, चार वेळा. मी घागरीवर हात ठेवायचं विसरलो.

आम्हाला वाटलं आता पेढे मागवायचे. काकांनी कडवं संपताच टेप बंद केला आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी आहे ना? मले खाप्याले जाऊन याचं आहे. आत्ताच."

आधी आम्ही हुडकेश्वरला आलो. काका घरात गेले आणि एका मिनिटात बाहेर आले, शर्टाच्या खिशाला हात लावत. मग सावनेरच्या रस्त्याला लागलो. नेमासेठकडचा टेप त्यांच्या मांडीवर होता. कोराडी मागे पडली. मग काका समोर पाहतच बोलायला लागले.

"तो आवाज माह्या बहिणीचा आहे. कुसुमचा."

कुसुम खाप्याला राहते हे मला माहीत होतं. राखीला काका जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. ती गायची, हे मात्र आज कळत होतं. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीत गाताना तिला एका ऑर्केस्ट्रावाल्यानं ऐकलं, आणि त्याच्यासोबत ती मुंबईला जाऊन चार ओळी गाऊन आली. वीस वर्षांची होती. एक कॅसेट तिला मिळाली होती, ती सासरी नेली आणि तिथल्या टेपात अडकून तुटली.

"मग कंपनीनं त्यांना का बदललं?" मी विचारलं.

"कंपनीनं नाही. म्या बदललं." त्यांनी खिशातून घडी पडलेलं एक पोस्टाचं पाकीट काढलं. "गाणं नव्यानं कराचं होतं. कुसुमले बोलावणं आलं, घरच्या पत्त्यावर. बाबा नव्हते, घर माह्यावर होतं. तिचं लग्न ठरून राहिलं होतं. पोट्टी ऑर्केस्ट्रात गाते, मुंबईले जाते, लोक बोलत होते. मी भ्यायलो, मास्तर. पत्र ठेवून देल्लं. ती गेली नाही, तिच्या जागी दुसरी कोणी गायली."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. आज सांगतो. इतकी वर्षं मनात होतं, पयले तिचा आवाज तिच्या हातात देईन, मग सांगीन. रिकाम्या हातानं कसं सांगू?"

खाप्याला कुसुमताई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. साठीला आलेल्या, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. राखी नसताना भाऊ आलेला पाहून त्या घाबरल्याच. "काय झालं वं" म्हणून शेजारीणही डोकावली. काकांनी काही न सांगता टेप ओसरीच्या कडेला ठेवला आणि लावला.

कुसुमताई ऐकत राहिल्या. स्वतःचा आवाज आला तेव्हा त्यांचा हात सुपावर थांबला. चौथ्या ओळीला त्या हसल्या. "किती घाई करून राहिली मी," त्या म्हणाल्या. "मले भीती वाटत होती ना. ते लोक बंद करतीन म्हणून."

मग काकांनी पाकीट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, शाळेत चूक कबूल करतात तसं. मी गाडीकडे जायला निघालो तर त्यांनी हातानं मला थांबवलं. त्यांना साक्षीदार हवा होता बहुतेक.

कुसुमताईंनी पाकीट लगेच उघडलं नाही. "पत्र आलं होतं हे मले माहीत आहे, दादा," त्या म्हणाल्या. "पोस्टमननं सांगितलं होतं."

काकांनी मान वर केली.

"तू दाखवलं नाही. मले वाटलं, त्यायनं नाही म्हणून कळवलं असन. आवाज पसंत नाही म्हणून. मले वाईट वाटू नये म्हणून दादानं लपवलं, असं समजत होती मी. किती जपतो, असं वाटे मले."

त्यांनी चष्मा लावला आणि पत्र वाचलं. हळूहळू, बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. "स्टेशनवर घ्यायले कोण येणार होतं, तेही लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे पसंत होता."

त्यांनी पत्राची पुन्हा घडी घातली आणि भावाला विचारलं,

"ती दुसरी पोट्टी कशी गायली? आहे का तुह्याजवळ?"

होती. मफलरात गुंडाळून एक निळी त्यांनी सोबत आणली होती. का आणली, त्यांना तरी कळलं होतं का, कोण जाणे. त्या गाण्यातले दोष ते आम्हाला इतकी वर्षं मोजून दाखवत आले होते. आता त्यांनी ते मुकाट्यानं लावलं. कुसुमताईंनी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही.

"श्वास चांगला आहे तिचा," त्या म्हणाल्या. "घाई नाही करत."

"कुसुम, मले काही बोल," काका म्हणाले.

"आता काय बोलू? पोटात पुरं उतरू तर दे." त्यांनी सूप उचललं. "आज राहा इथंच. सकाळी रागावीन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तुमच्या घरचे दिवे मी पाहीन. ओसरीखाली काढलेल्या आपल्या चपला काकांनी उचलल्या, झटकल्या आणि आत नेऊन ठेवल्या.