गुणाजीची गरम हवा

"हे मशीन मी आज खिडकीतून खाली फेकणार!" गुणाजी सावंत गरजला. दोन तास फिरवूनही त्याचा ऑफिसचा शर्ट ओलाच होता. स्वयंपाकघराच्या नव्या टाइल्सवरून मात्र पाणी ओघळत होतं.

कपडे वाळवायचं ते मशीन मेव्हण्याने, नंदकिशोरने, कुवेतहून आणलेलं. मालाडच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये गुणाजीने आदल्या वर्षी गॅलरी बंद करून खोली वाढवली होती. त्यामुळे जुलैत ना कपड्यांना जागा उरली, ना मशीनच्या गरम हवेला बाहेरची वाट. शेवटी त्याने मशीनचा पाइप शेगडीच्या काळातल्या धुराड्यात खुपसला. तेव्हापासून चार दिवस तो दमट कपड्यांत ऑफिसला जात होता. काल साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सावंत, फरशी पुसून आलात काय?"

इलेक्ट्रिशियन भीमराजने मशीन उघडून पाहिलं. "मशीन झकास आहे. धुराडं वर तुंबलंय. हवाच जात नाय."

वर म्हणजे पुतळाबाई, बाजारात मासळी विकणारी. तेच धुराडं तिच्या स्वयंपाकघरातून गच्चीवर जायचं. ओला शर्ट मुठीत धरून गुणाजी दोन-दोन पायऱ्या चढला. मागून बायको जानकी, भांडण आवरायला.

पुतळाबाईने आपल्याकडचं धुराड्याचं भोक फोडून मोठं केलं होतं, आणि आत दोऱ्यांवर बोंबील असे दाटीवाटीने टांगले होते की मुंगीही वर गेली नसती.

"माझी हवा अडवलीत तुम्ही!"

"तुझी हवा? मला वाटलं, देवीनंच धाडली! भर पावसात कडकडीत वाळतात रे!"

"आणि माझे कपडे? चारचौघांत अब्रू जाते माझी! उद्यापर्यंत हे निघालं नाही, तर सोसायटीत अर्ज देतो!"

"अहो, हळू," जानकी म्हणाली. तिने एक बोंबील मोडून हुंगला. "काय सुरेख वाळलाय गो!"

गुणाजी तणतणत एकटाच खाली आला. जानकी अर्ध्या तासाने आली.

दुसऱ्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा मशीन जोरात घरघरत होतं. टाइल्स कोरड्या ठणठणीत. आपल्या आवाजाचा धाक बसला तर! त्याने ऐटीत मशीनचं झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं.

"कपडे कुठायत?"

"पलंगावर पसरलेत, पंख्याखाली," जानकी शांतपणे म्हणाली. "पुतळाबाईंशी माझं ठरलंय, निम्मे बोंबील आपले. त्यांनी मधे वाटही सोडलीय. पण आधी आपल्या टाइल्सवर उतरायची ती ओल आता वर जाते हो. मशीनमध्ये कपडे घातले की बोंबील मऊ पडतात."