सोवनींचा मागचा डावा स्पीकर

पायाचा अंगठा नको तिथे अडकवायची माझी जुनी खोड आहे. त्या रविवारी तो सोवनींच्या मागच्या डाव्या स्पीकरच्या वायरीत अडकला आणि वायर निघून सतरंजीवर पडली. मी ती हळूच सतरंजीखाली सारली. सांगायची हिंमत नव्हती. मागे एकदा पंख्याखाली यावी म्हणून त्यांची गाणी ऐकायची खुर्ची चार बोटं सरकवली होती, तर सोवनी मोजायची टेप घेऊन आले. "वा! ड्रमवाल्याला स्वयंपाकघरात धाडलंत. भांडी घासायला का?"

सोवनी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा बरोबरच्यांनी फ्लॅट घेतले, यांनी पाच स्पीकर घेतले. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. काय पाठवू विचारलं, की यांचं उत्तर ठरलेलं : "नवं मिक्स."

अल्बम एकच, कॉलेजात असल्यापासूनचा, एका विलायती रॉक बँडचा. पण कुठलं वाद्य खोलीच्या कुठल्या कोपऱ्यातून ऐकू यावं, हे तीन जणांनी तीन तऱ्हांनी ठरवलंय, म्हणून मिक्स तीन. "मिसळ तीच हो," सोवनी सांगतात, "पण एकाने फरसाण वर ठेवलंय, दुसऱ्याने बुडवलंय, आणि तिसऱ्याला रस्सा म्हणजे काय हेच ठाऊक नाही!"

या तिघांना गुण द्यायला एक वही आहे. रविवारी सकाळी दहाला मधल्या खुर्चीत ते, डावीकडे स्टुलावर मी. चहा अल्बम संपल्यावर. मध्ये बोलायची मला बंदी, फक्त त्यांनी "आलं ना?" विचारलं, की उत्तर द्यायचं.

तर त्या दिवशी त्यांची लाडकी जागा जवळ आली. पुढे सगळा बँड दणाणत असताना मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक गिटार येते. मी पाय स्टुलाखाली ओढून घेतले. पुढे दणदणाट झाला, मागे काहीच नाही. सोवनींनी डोळे मिटून डाव्या खांद्यावरून बोट मागे नेलं.

"आहाहा! आलं ना?"

"आलं," मी म्हणालो.

वहीत दहापैकी नऊ गुण पडले.

चहा ठेवायला उठले, तेव्हा त्यांच्या पायाला सतरंजीखाली काहीतरी लागलं. त्यांनी वायर उचलली.

"केव्हा निघाली?"

"सुरुवातीलाच. माझा अंगठा..."

मी टोमण्याची वाट पाहत होतो. ते वायर हातात घेऊन खुर्चीत बसले.

"या डाव्या कानाला वर्षभरापासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत. जागा पाठ आहे, म्हणून बोट जातं. खरंच आलं की नाही, ते तुम्ही सांगायचं. दर रविवारी तुम्हाला कशाला बोलावतो वाटलं? संगीत कळतं म्हणून?"

त्यांनी वायरीचं टोक सदऱ्याला पुसलं.

"मुलाला यातलं काही बोलू नका. प्रत्येक मिक्स मिळालं की फोन करतो, बाबा, यात काय काय ऐकू आलं? तासभर वही वाचून दाखवतो मी. कान गेला म्हटलं, तर औषधं घेताय ना, एवढंच विचारून फोन ठेवेल."

त्यांनी नऊ गुण खोडले, 'फेरपरीक्षा' असं लिहिलं आणि वायर जोडली. गाणं पुन्हा लागलं. गिटार आली, अगदी माझ्या कानामागून. त्यांनी विचारायच्या आत मी म्हणालो, "आलं. खरंच आलं."

घरी येऊन हे हिला सांगितलं. ही गवार मोडत होती.

"तरीच! परवा जिन्यात डावीकडून हाक मारली, तर वळूनही बघितलं नाही त्यांनी. मला वाटलं, पुणेरीपणा असेल." मग दोन-चार शेंगा मोडून म्हणाली, "पुढच्या रविवारी स्टूल उजवीकडे घ्या, तुमचं बोलणं तरी नीट ऐकू येईल त्यांना. आणि अंगठा सांभाळा."