पणजोबा मागे गेले

मामांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'सुरक्षारक्षक' एवढंच लिहिलेलं होतं. ती छपाईची चूक आहे, तिथे 'गुप्तहेर' हवं होतं, असं ते भेटेल त्याला सांगत. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," ते म्हणत, "आणि सुटलीच तर ती मीच सोडलेली असते, तिच्या साथीदारांपर्यंत पोहोचण्यासाठी. आणि हे नाक! याला गुन्ह्याचा वास आदल्या दिवशी येतो." त्या नाकाला बारा महिने सर्दी असे, ही गोष्ट वेगळी.

मालिकांच्या ज्या स्टुडिओत ते नोकरीला होते, तिथे मामांनी आजवर दोन प्रकरणांचा छडा लावला होता. हरवलेली छत्री त्यांच्याच हातात सापडली, आणि पळवलेली मांजर मुळात कुणाची नव्हतीच.

या थोर माणसाची भाची तिथेच एका मालिकेची सलगता सांभाळायची. म्हणजे एका दृश्यात डाव्या हातात असलेला कप पुढच्या दृश्यात उजव्या हातात दिसला, की बोलणी तिला बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वही घेऊन ती कप, बटणं आणि केसांच्या बटा टिपत बसे.

मालिकेचं नाव 'परत कधी जायचं?'. तीनशे वर्षांपूर्वीचं एक कुटुंब काळयंत्राच्या घोटाळ्यामुळे आजच्या काळात येऊन दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अडकतं. सगळे लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढून ठेवतात. पणजोबा मिक्सरला बघून तलवार उपसतात आणि सूनबाई त्यांना आवरता आवरता थकते. चारशे भाग झाले होते. आज शेवटचा. आज ते कुटुंब एकदाचं परत जाणार होतं. सहाच्या ठोक्याला सेट पाडायला सुरुवात व्हायची होती. सुतार हातोड्या घेऊन दारात उभेच होते.

आणि साडेतीनला पणजोबा गायब झाले.

पणजोबांचं काम करणारे नट शहात्तर वर्षांचे. सगळा फ्लोअर, म्हणजे सेटवरचा प्रत्येक जण, त्यांना पणजोबाच म्हणे. सकाळीच ते भाचीला म्हणाले होते, "पोरी, उद्यापासून सकाळी उठून आवरायचं, ते कुणासाठी गं?"

"कुणीही हलायचं नाही!" मामा गरजले. "हे घटनास्थळ आहे!"

"मामा, अहो, फोन तरी लावून बघू."

फोन मेकअपच्या टेबलावरच वाजला. शेजारी पणजोबांचा चष्मा होता आणि अर्धा कप चहा. मामांनी चहात बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले.

"कोमट. म्हणजे गुन्हेगार घाईत होता."

"किंवा चहा बेचव होता," मेकअपदादा म्हणाले. "मी सांगू का? जाताना ते मला म्हणाले, 'जरा मागे जाऊन येतो.'"

मामा गर्रकन वळले. "मागे? नेमके हेच शब्द?"

"हेच. 'जरा मागे जाऊन येतो.'"

"पण किती मागे, ते नाही सांगितलं!" मामांनी सगळ्यांकडे अशी नजर फिरवली, की दोन दिवेवाले उगाचच ओशाळले.

इतक्यात इस्त्रीवाल्या बाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आल्या. "अहो मामा, ऐका ना..."

"बाई, पुराव्यावरून चालू नका! बाहेर!"

मग चौकशी सुरू झाली. पहिला संशय सूनबाईवर, म्हणजे तिचं काम करणाऱ्या नटीवर. "चारशे भाग तुम्ही त्यांच्याशी भांडत आहात. भाग दोनशे बारामध्ये तुम्ही म्हणालात, 'एक दिवस मीच तुम्हाला पाठवीन.' कुठे पाठवलंत?"

सूनबाई आधीच रडकुंडीला आल्या होत्या. "अहो, ते संवाद होते! मी त्यांच्यासाठी रोज घरून डबा आणते."

"डबा!" मामा भाचीच्या कानात पुटपुटले, "लिहून घे. विषप्रयोग."

"मामा, त्यातलं निम्मं तुम्हीच खाता."

मामांनी क्षणभर पोटावरून हात फिरवला आणि तो सिद्धान्त मागे घेतला. दुसरा सिद्धान्त असा, की दुसऱ्या वाहिनीने पणजोबांना पळवलं. तो दिग्दर्शकांनीच निकालात काढला. "आमची मालिका पळवण्यासारखी असती, तर बंद कशाला झाली असती?"

"अहो मामा..." इस्त्रीवाल्या बाई दारातून पुन्हा डोकावल्या.

"बाहेर!"

पाच वाजले. मामांचं बोट आता हळूहळू काळयंत्राकडे वळलं. ते यंत्र म्हणजे प्लायवूडचं कपाट. आत दोन दिवे आणि एक पंखा. "सगळ्या अशक्य गोष्टी तपासून झाल्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उरली ती फक्त हीच. पणजोबा मागे गेलेत. तीनशे वर्षं."

"मामा, हे गेल्या वर्षी सुतारांनी बनवलंय. माझ्यासमोर."

"ते त्यांना वाटतं," म्हणत मामा आत शिरले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. दिवे लुकलुकले, पंखा फिरला, कडी अडकली. आतून धडाधडा आवाज यायला लागले. सुताराने पटाशी घालून दार उघडायला चांगली दहा मिनिटं घेतली. मामा घामाघूम होऊन बाहेर आले आणि त्यांनी भाचीचा हात धरला.

"साल कोणतं?"

"हेच, मामा."

"अरेरे," मामा म्हणाले.

भाचीला हसू येत होतं आणि रडूही. साडेपाच होत आले होते. तो म्हातारा माणूस चष्म्याशिवाय कुठे गेला असेल, रस्त्यावर तर गेला नसेल, या विचाराने तिने वही मिटली. ती बाहेर धावली, ती थेट इस्त्रीवाल्या बाईंवर आदळली.

"पणजोबांना शोधताय ना? शेजारच्या फ्लोअरवर झोपलेत की. दवाखान्याच्या मालिकेत. त्यांची चादर मीच बदलली."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"दोनदा आले. दोन्ही वेळा मामांनी हाकललं."

शेजारच्या फ्लोअरवर दवाखान्याचा सेट होता. खाटेवर पणजोबा नाकात नळी घेऊन गाढ झोपले होते. भोवती डॉक्टर, नर्स आणि भरल्या डोळ्यांचे नातेवाईक. दिग्दर्शकबाई ओठांवर बोट ठेवून भाचीला म्हणाल्या, "श्श! तीन शॉट झाले. बेशुद्ध पेशंटचं इतकं खरं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. कुठून आणलात हा माणूस?"

भाचीने पणजोबांना हलवून उठवलं. ते डोळे चोळत म्हणाले, "आपल्या फ्लोअरचं संडास बंद होतं गं. म्हणून मागच्या इमारतीत गेलो. येताना दार चुकलो वाटतं. खाट दिसली. म्हटलं, बोलावतील तोवर पडावं जरा."

"आजोबा," दिग्दर्शकबाई वाकून म्हणाल्या, "हा पेशंट सहा महिने शुद्धीवर येत नाही. उद्यापासून याल?"

पणजोबांनी नळी काढली. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

सहाला सात मिनिटं कमी असताना सगळे यंत्रापाशी उभे राहिले. एकच शॉट शक्य होता. कुटुंब आत शिरलं; शेवटी पणजोबांनी पाऊल ठेवलं, वळून सूनबाईकडे पाहिलं आणि लिहिलेला संवाद विसरून म्हणाले, "सूनबाई, डबा फार चांगला असायचा हो." सूनबाईंच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. दार मिटू लागलं. फ्लोअरवर टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्या शांततेत मामांनी असा हुंदका दिला, की रेडकू हंबरल्यासारखं वाटलं.

दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. पुन्हा शॉट घ्यायला वेळ नव्हता. पहिला हातोडा तेवढ्यात पडलासुद्धा. शॉट ठीक की बाद, याची नोंद भाचीच्याच वहीत व्हायची, म्हणून सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने मामांकडे पाहिलं. ते टोपीत तोंड लपवून नाक शिंकरत होते.

तिने वही उघडली आणि शांतपणे लिहिलं : 'शेवटचा शॉट. ठीक. यंत्र सुरू झाल्याचा आवाज उत्तम.'