सायबिणीच्या बांगड्या

आमच्या शेजारचे परसूअण्णा कुणाच्याही घरी गेले की दार वाजवत नाहीत, भिंत वाजवतात. बोटांची पेरं आपटायची, कान लावायचा आणि घरमालकाकडं बघून हळहळायचं. माझ्या वास्तुशांतीला सगळे बासुंदीचं कौतुक करत होते, तेव्हा हे देवघराच्या भिंतीला कान लावून उभे. "सर, गिलावा सुटलाय. आतनं पोकळ हाय." त्या दिवसापासून आमची बायको त्यांना वाढताना हात आखडता घेते.

मच्छे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडं ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का, एवढी दोनच माणसं. अण्णा जुन्या वळणाचे, चुन्यातले गवंडी. सिमेंटला ते 'पावडर' म्हणतात. जगात एकच इमारत त्यांना मान्य आहे, कॅम्पातलं जुनं चर्च. घरी देव्हाऱ्यात जोतिबा आणि यल्लम्मा. पण चर्चची डागडुजी गेली कित्येक वर्षं यांच्याच हातची.

रविवारी माझ्या स्कूटरवर मागं बसून ते मलाच चर्च दाखवायला नेतात. वर निमुळत्या होत गेलेल्या कमानीखाली उभं करून स्वतः हात जोडून दाखवतात. "बोटं कशी मिळत्यात? तशीच ही कमान मिळवलीया. मधी एक दगड ढिला न्हाय." रंगीत काचांतून फरशीवर निळे-तांबडे कवडसे पडतात, त्यांना हे रांगोळीसारखा वळसा घालून जातात आणि मलाही घालायला लावतात. संत अंतोनीच्या पुतळ्यापुढं दरवेळी थांबायचं. हरवलेली थापी त्यानं दोनदा शोधून दिली म्हणे.

पण त्यांचा खरा जीव बाजूच्या भिंतीवरच्या चित्रावर. मारियामाता, इथले लोक तिला सायबीण म्हणतात, मुलाचं निष्प्राण शरीर मांडीवर घेऊन बसलेली. गेल्या पावसाळ्यात तिथं ओल उतरली, गिलावा फुगला आणि सायबिणीचा डावा हात कोपरापासून खाली झडून गेला. फादरनी अण्णांना बजावलं होतं, "तुम्ही फक्त गिलावा करा. चित्र रंगवायला गोव्याहून माणूस येणार आहे." अण्णांनी गिलावा केला, तो वाळू दिला आणि मग त्यांना ती कोरी जागा बघवेना. हात त्यांनीच काढला. खरं सांगतो, हात उत्तम जमला होता. फक्त मनगटात हिरव्यागार बांगड्या होत्या.

पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, संपल्यावर आम्ही पोचलो, तोवर पहिल्या बाकावर बसणाऱ्या रोझीमावशींनी त्या बघितल्या होत्या.

"हिला चुडा कुणी भरला?" मावशी म्हणाल्या. "नवरा तिचा, जोझेफ, आधीच वारलेला. आमच्यात पण विधवा चुडा घालत नाही, अण्णा."

फादर भला माणूस. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "अण्णा, हात राहू दे. बांगड्या पुसाव्या लागतील."

एरवी ज्यांचं तोंड मिटत नाही ते अण्णा खाली बघत म्हणाले, "मांडीवर मेल्यालं पोरगं हाय तिच्या, फादर. आनि काय काय काढून घ्यायचं तिचं?"

मग स्वतःच टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते शिडीवर चढले आणि एकेक बांगडी पुसली. लई वेळ लागला. मला ते बघवेना, मी बाहेर येऊन उभा राहिलो.

परतताना स्कूटरवर ते मागून बोलायला लागले. "दाजी गेलं तवा आक्का बावीसची, म्या धा वर्साचा. बायका बांगड्या फोडाय आल्या तर ही हात मागं वडायली. म्हनून तिचा हात माझ्याकडं दिला धरायला. मला वाटलं, मोठ्या मानसांनी काम सांगितलंया. म्या लई घट्ट धरला, सर."

मी स्कूटर हळू केली.

बाजारात कासाराच्या दुकानापाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. बांगड्या निवडायला त्यांना गिलाव्याइतकाच वेळ लागला. शेवटी घेतल्या त्या चॉकलेटी, बिनचमकीच्या. म्हाताऱ्या बाईच्या हातात कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा.

आक्का पायरीवर गवारी मोडत बसल्या होत्या. अण्णांनी पुडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पाठ फिरवून उभे राहिले. आक्कांनी पुडी सोडली. त्या चॉकलेटी बांगड्या बोटांनी कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिल्या. आता 'लोक काय म्हंतील' हे येणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"परसू," आक्का म्हणाल्या, "हिरव्या नव्हत्या व्हय रं?"