अर्ध्या सूर्याची खुर्ची

सभा सुरू होण्याआधी सप्रेकाका घरातली प्रत्येक खिडकी स्वतः लावून घेतात. मग पंखा बंद. विषुववृत्ताजवळच्या आमच्या बेडोकमध्ये, नवव्या मजल्यावर, भर दुपारी! गणपतीचे मोदक घरी करायचे की विकत आणायचे, एवढाच विषय. पण आम्ही मंडळाची माणसं घामाने निथळत बसतो.

"फिलाडेल्फियाला भर उन्हाळ्यात अशाच खिडक्या लावून अमेरिकेची घटना लिहिली," काका सांगतात. "बातमी बाहेर फुटली की माणसं मत बदलायला लाजतात."

हिशेब तपासण्यात जन्म गेलेला हा माणूस फिलाडेल्फियाला कधी गेलेला नाही. पण डोळे मिटले की तो त्या सभागृहात असतो. हिरवी टेबलं, जाड पडदे, दुपारचं पिवळं ऊन. तिथल्या अध्यक्षांच्या खुर्चीवर अर्धा सूर्य कोरलाय, म्हणून काकांनी सुताराकडून आपल्या खुर्चीवरही तसाच कोरून घेतला.

"उगवता की मावळता?" असं विचारलं की म्हणतात, "सभा संपल्यावर कळेल."

मी चळवळीची पत्रकं वाटत वाढलेला. एकदा राहवेना. "काका, त्या बंद खोलीत एक बाई नव्हती, एक गुलाम नव्हता. ज्यांचं आयुष्य ठरवायचं, तेच दाराबाहेर! कसली घटना?"

एरवी "खाली बस, क्रांतिकारका!" असं ओरडले असते. त्या दिवशी मला मागे थांबवलं. सगळे गेल्यावर म्हणाले, "मुक्ताच्या लग्नाची सभा इथेच झाली. मी आणि माझे भाऊ. खिडक्या बंद. एकमताने नकार. ती आत चहा करत होती."

मुक्ता म्हणजे त्यांची मुलगी. तिने त्याच मुलाशी लग्न केलं आणि दोघं फिलाडेल्फियाला गेली. त्या शहराबद्दल काका वाचायला लागले ते त्यानंतर.

"मुक्ता शनिवारी येतेय. तासभरच. तू पण ये रे. मला एकट्याला..."

शनिवारी गेलो, तर खिडक्या सताड उघड्या. शेजारच्यांच्या लसणाचा वास घरभर. मुक्ता दारातच थबकली.

"बाबा, आज मीटिंग नाही?"

"आहे ना." काकांनी सूर्याची खुर्ची पुढे ओढली. "अध्यक्ष तू. बस."

"आणि विषय?"

"जावई कसे आहेत. एवढाच."

ती हळूच बसली. "खालीच थांबलाय. वर यायचं की नाही, त्याला कळेना."

काका खिडकीशी पोचलेसुद्धा. वाळत घातलेल्या कपड्यांतून अर्धे बाहेर वाकले आणि खच्चून ओरडले, "जावईबापू! वर या!"

"बाबा, ओरडू नका लाह! अख्ख्या ब्लॉकला कळेल!" मुक्ताच्या तोंडून इथला 'लाह' निघालाच.

"कळू दे," काका म्हणाले आणि पुन्हा ओरडले.