खिडकीतून रोमिंग

आमच्या घरात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या वरच्या खिडकीत, तेही डावं कोपर नळावर टेकवून मान बाहेर काढली तर. मान आत घेतली की पलीकडचा माणूस गायब. त्यामुळे आमच्या घरात खाजगी असं काही बोलता येत नाही. माझा रक्तदाब किती, मेहुण्याचं लग्न का मोडलं, हे सगळं खालच्या लाँड्रीवाल्याला आमच्याआधी कळतं.

बायको ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधते. जीर्ण पानांना पातळ कागदाचा आधार देऊन ती पुन्हा उलटण्याजोगी करण्यात तिचा हातखंडा आहे. तिला परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयाने प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं, तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढीच तिला धडकी भरली. एकटीनं कधी गावाबाहेर न गेलेली बाई! शिवाय चार माणसं बघायला लागली की तिचे हात थरथरतात. घरात सुई ओवताना मी नुसता मागे उभा राहिलो तरी दोरा चुकतो.

"प्रात्यक्षिकाच्या आधी तुमचा आवाज ऐकायला मिळाला ना, तर मी निभावून नेईन," ती म्हणाली. "दुसरं काही नको मला."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला आपला आवाज ऐकावासा वाटतो, हे ऐकून मी विरघळलो. (एरवी तिची फर्माईश उलट असते.) तत्काळ जाऊन मी तिच्या नंबरवर परदेशात बोलण्यासाठीचा रोमिंगचा पॅक टाकून आलो. इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट घडली नसती.

पण मी वजनमापं खात्यात आहे. दुकानदारांचे काटे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासून शिक्का मारणं हे माझं काम. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे दोघांचे फोन अगदी सारखे, बटणांचे, काळे, एकावर एक सवलतीत घेतलेले. (दिवसभर बारीक काम करून डोळे शिणतात म्हणून तिला मोठा पडदा नको, आणि मला तो वापरता येत नाही.) पण खिडकीत तिच्या फोनला माझ्यापेक्षा रेंजची एक काडी जास्त यायची. हा गुण फोनचा की सिमचा? ती निघायच्या दिवशी सकाळी मी दोन्ही फोन उघडून सिमांची अदलाबदल केली.

"अहो, कशाला उघडताय? चाललंय ना नीट?" ती बॅगेवर बसून चेन ओढत होती.

"तुझ्यासाठीच चाललंय," मी म्हणालो.

मान बाहेर काढून काड्या मोजल्या. सिमं पुन्हा जागच्या जागी घातली. पण एकदा मोजून सोडायचं नाही, दुसऱ्यांदा मोजायचं, असा आमच्या खात्याचा दंडक. म्हणून पुन्हा अदलाबदल केली, आणि तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी झाकणं लावली, एक फोन तिच्या पर्समध्ये कोंबला, बॅग उचलली आणि जिन्यावरून धावलो. टॅक्सीत बसल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "फोन लागेल ना?" तिनं विचारलं.

"शिक्कामोर्तब!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून तिला फोन लावला. एंगेज. तासाभराने लावला, एंगेज. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या वेळी, निघताना, सदोदित एंगेज! एवढं बोलते तरी कोणाशी? ओळखीचं चिटपाखरू नाही तिथे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मोकळी हवा लागली असेल हो, बोलू द्या की." मी त्याच्याकडे आमच्या खात्याच्या नजरेनं पाहिलं.

घरी येऊन खिडकीत मान घातली तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. या निवृत्त शिक्षिका, विषय भूमिती.

"तिला द्या जरा," त्या म्हणाल्या.

"आई, ती परदेशात आहे. काल नाही का गेली?"

"ते मला ठाऊक आहे. मग फोन तुम्ही कसा उचललात?"

"माझा फोन मी नाही उचलणार तर कोण उचलणार?"

मग त्या अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "जेवताय ना वेळेवर? विश्रांती घ्या हं," आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं. सासूबाईंना विसर पडायला लागला. एवढी हुशार बाई, पण वय कोणाला चुकलंय! बायको आली की हळूच तिच्या कानावर घालायचं ठरवलं.

फोन लागेना म्हणून शेवटी मी बायकोला मेसेज केला: "काळजी वाटते. आवाज ऐकव."

क्षणात तिच्या नंबरावरून उत्तर आलं: "काळजी वाटते. आवाज ऐकव."

शब्दाला शब्द! संसार मुरला की मनं अशी एक होतात. मी लिहिलं, "मी खिडकीतच आहे." उत्तर आलं, "मी खिडकीतच आहे." म्हणजे तिथेही रेंज खिडकीतच! उगाच लोक परदेशाचं कौतुक करतात. "जेवण झालं?" मी विचारलं. तिनंही तेच विचारलं. "हो," मी म्हटलं. तीही "हो" म्हणाली. खरं तर माझं झालं नव्हतं, पण तिच्या जिवाला घोर कशाला?

मग मी मुद्द्याला हात घातला. "फोन का लागत नाही?"

"फोन का लागत नाही?"

"आधी मी विचारलं."

"आधी मी विचारलं."

आता मात्र माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब जाऊनही हिचा शेवटचा शब्द आपला ठेवायचा हट्ट सुटत नाही! पण बिचारी परक्या मुलखात एकटी आहे, असा विचार करून मी नमतं घेतलं. लिहिलं, "बरं. चूक माझी."

उत्तर आलं, "बरं. चूक माझी."

मी खुर्चीत बसलो. आमच्या लग्नात हे वाक्य तिच्याकडून पहिल्यांदाच आलं होतं. तो मेसेज मी जपून ठेवला.

तरी आवाजाचं राहिलंच होतं, आणि असेच आणखी दोन दिवस जाऊन प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. मी रजा टाकून सकाळपासून खिडकीत उभा. फोन एंगेज तो एंगेजच. दुपारी दारावरची बेल वाजली. दारात सासूबाई. घामाघूम झालेल्या, हातात छत्री, चेहरा पांढराफटक. मला आपादमस्तक न्याहाळून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"धडधाकट आहात!" त्या म्हणाल्या. "तिनं आत्ता हॉटेलातून मला फोन केला. रडवेली झालीये. तुमचा फोन तीन दिवस बंद येतोय म्हणे. तुम्हाला काही झालं की काय म्हणून पोरीच्या हातापायातलं बळ गेलंय. तासाभरात लोकांसमोर उभं राहायचंय तिला!"

"बंद? आई, अहो, आमचं रोज बोलणं होतंय!" मी अभिमानानं मेसेज दाखवले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग दुसऱ्यांदा वाचले. मग आपला फोन काढून खिडकीपाशी जाऊन एक नंबर लावला.

मीही मागोमाग गेलो, तोच माझा फोन वाजला. "एक मिनिट हं, आई," म्हणत मी त्यांच्या शेजारी मान बाहेर काढली. "हॅलो?"

"हॅलो," सासूबाई माझ्या कानाशी आणि फोनमध्ये एकदमच म्हणाल्या. "मी माझ्या मुलीचा नंबर लावलाय."

भूमितीत शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' असं लिहितात. तसा त्यांचा चेहरा होता. तिचं सिम माझ्याकडे, माझं तिच्याकडे. पॅक इथे सिंकवर, आणि माझं बिनपॅकचं सिम परदेशात मुकं. तीन दिवस मी स्वतःलाच फोन करत होतो, स्वतःशीच भांडत होतो, आणि शेवटी माफीही स्वतःचीच मागितली होती! तिला काय काय वाटलं असेल या विचारानं मी कपाळावर हात मारून घेतला.

"कपाळ नंतर बडवा," सासूबाई म्हणाल्या. "हॉटेलचा नंबर आलाय माझ्याकडे. हा लावला बघा."

त्यांनी वर्गावर बोलावं तशा इंग्रजीत मुलीची खोली मागितली आणि फोन माझ्या हातात दिला. मी कोपर नळावर टेकवलं, मान बाहेर काढली. खरखर, खरखर, आणि त्यातून तिचं "हॅलो?" माझा धीरच सुटला. खाली लाँड्रीवाला वर बघत होता. बघू दे!

"अगं, मी आहे! ठणठणीत आहे! गाढवपणा केला मी, सिमं बदलली! हॅलो? ऐकू येतंय?" काडी जाईल या भीतीनं मी आणखी बाहेर वाकलो. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं! तुझ्या हातासारखा हात नाही कुणाचा! घाबरू नकोस, मी तुझ्या मागे उभा आहे असं समज! नको, मागे नको, समोर आहे असं समज!" मागून सासूबाईंनी माझा शर्ट मुठीत धरला होता आणि ओरडत होत्या, "आत या, पडाल!" मग फोन कट झाला. खाली लाँड्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

प्रात्यक्षिक उत्तम झालं. तिच्या हाताखाली दोनशे वर्षांपूर्वीचं पान न फाटता उलटलं आणि लोक उभे राहिले, असं ती परत आल्यावर सांगत होती. सांगताना तिचे डोळे चमकत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी ते बोलूनही दाखवलं. मग न राहवून विचारलं, "म्हणजे माझा आवाज ऐकला आणि हात थरथरायचे थांबले, असंच ना?"

ती जरा घुटमळली. "खरं सांगू? तुमचं एक अक्षर कळलं नाही. नुसती खरखर. त्यातून आईचं 'पडाल!' तेवढं स्वच्छ ऐकू आलं आणि फोन कट. मग काय! सगळा वेळ डोळ्यांसमोर तुम्ही खिडकीतून लोंबकळताय. समोर माणसं बसलीयेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. हात आपले आपण काम करत होते."

तेव्हापासून तिचं कुठेही प्रात्यक्षिक असलं की आदल्या दिवशी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "अहो, उद्याच्यासाठी जरा काहीतरी घोळ घालून ठेवा ना." मी मान डोलावतो. आणि आजवर त्यासाठी मला कधीच मुद्दाम काही करावं लागलेलं नाही.