गादी, पंखा आणि कलाबाई

रत्नपालांनी मोटरसायकलला पंखा बसवला, ही गोष्ट कामठ्यात सगळ्यांना आवडली. फक्त ज्यांच्यासाठी बसवला, त्या त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी, अजून मत दिलं नव्हतं.

रत्नपाल गावच्या शाळेत ग्रंथपाल होते. लहानपणीच्या पोलिओमुळे उजव्या पायात जोर नव्हता. म्हणून मोटरसायकलला मागे एकाऐवजी दोन चाकं लावून ती तीनचाकी करून घेतली होती. किक मारणं शक्य नव्हतं, गाडी बटणावरच सुरू होई. तीन वर्षांपूर्वी कलाबाई एकदाच तिच्यावर मागे बसून गोंदियाला गेल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "कंबर गेली." तेव्हापासून त्या एसटीनं जात, आणि रत्नपाल त्याच एसटीच्या मागून, धूळ खात, गाडीवर.

येत्या रविवारी गोंदियाच्या पुढे चोरखमाऱ्याला कलाबाईंच्या भाचीचं, स्नेहलचं लग्न होतं. या वेळी मांडवासमोर दोघांनी एकाच गाडीवरून उतरायचं, असं रत्नपालांच्या मनात होतं. बायकोला विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांनी वहीत यादी केली आणि गोंदियाच्या भैयाजी इलेक्ट्रिशियनकडे गेले.

"गुरुजी, कमर का मामला है, तो गादी मोटी पाहिजे," भैयाजी म्हणाला. गादीवर पाठ टेकायला फळी आली, खाली पायदान आलं, पंखा आला, दिवा आला. सहावी वस्तू, मोबाईलचं चार्जिंग, भैयाजीनं आपल्या मनानं लावली; रत्नपालांनी तीही वहीत लिहून घेतली.

"बॅटरीला झेपेल ना?" रत्नपालांनी हळूच विचारलं.

"गाडी चलती रहेगी तो सब चलेगा."

'आणि उभी राहिली तर?' हा प्रश्न त्यांना घरी पोचल्यावर सुचला.

त्या वर्षी रोज संध्याकाळी भारनियमन असे. सोमवारी लाइट गेली तशा कलाबाई अंगणातल्या गाडीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी पंखा लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं वाटून राहिलं."

तीन वर्षांत गाडीविषयी आलेला हा पहिला चांगला शब्द. रत्नपालांनी बॅटरीचं नाव काढलं नाही.

मंगळवारी शेजारची शामकला मोबाईल घेऊन आली. बुधवारी आणखी चार मोबाईल रांगेत लागले. गुरुवारी समोरच्या घरातल्या बकारामनं दिव्याखाली आरसा धरून दाढी केली. शाळा घरापासून दोन मिनिटांवर. तेवढ्यात बॅटरी भरणार तरी किती? शुक्रवारी रत्नपालांनी 'आता पुरे' हे दोन शब्द मनात नीट जुळवले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बसा ना, उभे काऊन?"

रविवारी सकाळी कलाबाई नवं लुगडं नेसून, आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन, न सांगता मागे बसल्या. रत्नपालांना भरून आलं. त्यांनी बटण दाबलं. गाडीनं 'टिक्' केलं आणि ती गप्प झाली.

"अजून दाबा," बकाराम म्हणाला.

या वेळी 'टिक्' सुद्धा आलं नाही.

"धक्का मारा रे. आपलेच मोबाईल भरले हिच्यावर," शामकला म्हणाली. पाच जणांनी गाडी ढकलली. गाडी एकदा खोकली, पुन्हा निजली. तोवर सगळे एसटीच्या थांब्यापर्यंत आले होते, आणि समोर गोंदियाची बस उभी होती.

"गुरुजी, आज मागून नाही येऊन राहिले का?" कंडक्टरनं विचारलं.

"चढा तुमी," कलाबाई रत्नपालांना म्हणाल्या.

अपंगांसाठी राखीव बाकावर दोघं बसली. बस निघाली आणि दोघंही बाकावरून वीतभर उडाली. पुढच्या खड्ड्यात पातेलं वाजलं. रत्नपाल खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सगळं वाया गेलं. तुझ्या कमरेले त्रास होऊन राहिला असंल."

"होऊन राहिला ना."

"मग एसटीच कायले बरी वाटते तुले?"

"तीन सालापासून तुमच्यासाठी बाजूची जागा धरून राहिली मी. तुमी मागून हॉर्न वाजवत येता." कलाबाईंनी पातेलं सावरलं. "गाडीवर तुमची पाठच दिसते. पाठीसंग काय बोलू?"

नागऱ्याचा फाटा मागे गेल्यावर रत्नपालांनी खिशातून वही काढली आणि त्या सहा वस्तूंच्या खाली, हादऱ्यांनी वाकड्या झालेल्या अक्षरात, सातवी लिहिली : आरसा.

कलाबाईंनी वाकून वाचलं.

"मोठा घ्या," त्या म्हणाल्या.